स्मरणाची मशागत

परीक्षा जवळ आली कीं पुष्कळ घरांत एकच वाक्य ऐकूं येतें. मुलगा रात्रीं अकरापर्यंत पुस्तक पुढें घेऊन बसलेला असतो; धडा त्यानें चार वेळां वाचलेला असतो; महत्त्वाच्या ओळींखालीं तांबड्या पेन्सिलीच्या रेघाहि मारलेल्या असतात. सकाळीं वडील पुस्तक हातीं घेऊन पहिलाच प्रश्न विचारतात आणि मुलाची मान खालीं जाते. मग वडील म्हणतात, "ह्याच्या डोक्यांत कांहीं राहतच नाहीं." आई त्यावर बदाम किंवा ब्राह्मी ह्यांची योजना करते. मुलगा धडा विसरतो, परंतु तें वाक्य मात्र एकदांच ऐकून जन्मभर विसरत नाहीं. आपली स्मरणशक्ति मुळांतच कमी आहे असा निकाल त्याच्यावर वयाच्या बाराव्या वर्षीं लागलेला असतो, आणि त्या निकालावर अपील करण्याची सोय घरांत नसते.

वस्तुस्थिति अशी असते कीं, त्याच मुलास आवडत्या चित्रपटाचीं दहा गाणीं कडव्यांसह पाठ असतात, आणि क्रिकेटच्या कोणत्या सामन्यांत कोणी किती धावा काढल्या हें तो झोपेंतहि सांगूं शकतो. ज्या डोक्यांत हें सर्व राहतें त्याच डोक्यांत भूगोल राहत नाहीं, ह्याचें कारण डोक्यांत नसून भूगोल तेथें ज्या रीतीनें नेला जातो त्या रीतींत असलें पाहिजे.

स्मरणशक्तीविषयीं एक समजूत फार जुनी आहे. तालमींत दंड-बैठका काढल्यानें शरीर कमावतें, तसें कांहींहि पाठ करीत राहिल्यानें स्मरणशक्ति सर्व बाजूंनीं बळकट होते, अशी ती समजूत. विल्यम जेम्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें तिची परीक्षा स्वतःवरच घेतली आणि तिचा वृत्तांत १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दिला. त्यानें व्हिक्टर ह्यूगोच्या एका दीर्घ काव्याच्या १५८ ओळी आठ दिवसांत पाठ केल्या. त्यास सुमारें १३२ मिनिटें लागलीं. नंतर अडतीस दिवस रोज वीस मिनिटांहून कांहीं अधिक वेळ देऊन मिल्टनच्या महाकाव्याचा पहिला सर्ग त्यानें मुखोद्गत केला. एवढा व्यायाम झाल्यावर ह्यूगोच्याच पुढच्या १५८ ओळी हातीं घेतल्या, तों त्यांना १५१ मिनिटांहून अधिक वेळ लागला! त्या सुमारास आपण इतर कामानें थकलेलों होतों, हें त्यानें प्रामाणिकपणें नमूद केलें आहे, आणि त्याच्या सांगण्यावरून ज्या इतरांनीं हा प्रयोग केला त्यांपैकीं कांहींना थोडा लाभहि झाला. तथापि जेम्सचें मत कायम झालें: मनाची मूळ धारणा बदलत नाहीं, बदलते ती धरण्याची हातोटी.

ह्या मताला शंभर वर्षें होत आलीं असतां पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विश्वविद्यालयांत एक नामी प्रयोग झाला. तो १९८० सालीं प्रसिद्ध झाला. एका सामान्य विद्यार्थ्यास सेकंदास एक ह्या गतीनें अंक ऐकवावयाचे आणि त्यानें ते त्याच क्रमानें म्हणून दाखवावयाचे, एवढाच खेळ. आरंभीं त्यास सात अंक धरतां येत. सामान्य माणसाची धांव तेवढीच असते. आठवड्यांतून तीन ते पांच दिवस, रोज तासभर, असें सुमारें २३० तास झाल्यावर तोच विद्यार्थी ७९ अंक क्रमानें म्हणूं लागला. ही कांहीं जादू नव्हती. तो शर्यतींत धांवणारा होता. ३, ४, ९, २ असे अंक आले कीं तो त्यांना ३ मिनिटें ४९.२ सेकंद, म्हणजे एक मैल धांवण्याच्या जागतिक उच्चांकाच्या जवळचा वेळ, असें समजे. जे अंक शर्यतींत बसत नसत त्यांना तो माणसांचीं वयें ठरवी. चार विस्कळीत अंकांच्या ऐवजीं एक ओळखीची गोष्ट डोक्यांत जाई, आणि अशा गोष्टींचे पुन्हां गट बांधले जात. नंतर परीक्षकांनीं अंकांच्या ऐवजीं अक्षरें ऐकवलीं. तेव्हां त्याची मजल पुन्हां सहा अक्षरांवर आली. एवढ्या परिश्रमानें त्याचें डोकें मोठें झालें नव्हतें. अंकांना राहण्यासाठीं त्या डोक्यांत एक घर तेवढें बांधलें गेलें होतें.

अलौकिक स्मरणाचे प्रयोग मुंबईनेंहि पाहिले आहेत. २२ जानेवारी १८८७ रोजीं फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें एकोणीस वर्षांच्या राजचंद्र ह्या तरुणानें शतावधान करून दाखविलें. निरनिराळ्या लोकांनीं मध्येंच सांगितलेले शब्द, आंकडे आणि समस्या अशा शंभर गोष्टी एकाच वेळीं मनांत धरून शेवटीं त्या यथाक्रम परत करावयाच्या, असा तो प्रकार. पुढें १८९१ सालीं मोहनदास गांधी विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हां त्यांनीं राजचंद्रांची परीक्षा पाहिली. आपणांस येत होते तेवढे युरोपियन भाषांतील शब्द त्यांनीं ओळीनें सांगितले आणि राजचंद्रांनीं ते त्याच क्रमानें परत म्हणून दाखविले. त्या शक्तीचा हेवा वाटला, परंतु भुरळ त्या शक्तीनें पडली नाहीं. ती शास्त्रज्ञानानें, निर्मळ चारित्र्यानें आणि आत्मदर्शनाच्या तळमळीनें पडली, असें गांधीजींनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. खुद्द राजचंद्रांनींहि विसाव्या वर्षाच्या सुमारास असे जाहीर प्रयोग सोडून दिले. सामान्य माणसास शतावधानी व्हावयाचें नसतें. त्याला चार माणसांचीं नांवें, एखाद्या विषयाचें ज्ञान आणि सकाळीं वाचलेला उतारा संध्याकाळीं हवा असतो. त्यासाठीं लागणारीं साधनें साधीं आहेत, आणि त्यांचें शास्त्रहि आतां बरेंच स्थिर झालें आहे.

तें शास्त्र एका एकाकी जर्मन पंडितानें उभें केलें. हेर्मान एबिंगहाउस हा त्याचा प्रवर्तक. त्यानें सुमारें २,३०० निरर्थक शब्दखंड तयार केले, त्यांच्या मालिका केल्या आणि वर्षानुवर्षें त्या स्वतःच पाठ करून, विसरून, पुन्हां पाठ केल्या. विसरलेली मालिका पुन्हां पाठ करतांना पहिल्यापेक्षां किती श्रम वांचले, हें त्याचें माप. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेले त्याचे आंकडे असे: वीस मिनिटांनंतर शेंकडा ५८ श्रम वांचत, एका तासानंतर ४४, एका दिवसानंतर ३४, सहा दिवसांनंतर २५, आणि एकतीस दिवसांनंतर २१. हे आंकडे लक्ष देऊन पाहिले म्हणजे विसरण्याचा स्वभाव कळतो. विस्मृति पहिल्या तासांतच अर्ध्याहून अधिक लूट करून जाते आणि नंतर महिनाभर रेंगाळते. रात्रीं पाठ झालेला धडा सकाळीं गेला म्हणून जो मुलगा स्वतःला मंद समजतो, त्याच्या बाबतींत केवळ निसर्गनियम घडलेला असतो.

त्याच ग्रंथांत दोन गोष्टी अशा आहेत कीं त्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहाव्या. बारा शब्दखंडांची मालिका एकाच दिवशीं ६८ वेळां घोकून दुसऱ्या दिवशीं जो उपयोग झाला, तोच उपयोग तीन दिवसांत वांटून केलेल्या अवघ्या ३८ आवर्तनांनीं झाला. श्रम जवळजवळ निम्मे. फरक फक्त वांटणीचा. दुसरी गोष्ट अर्थाची. बायरनच्या काव्यांतील ऐंशी अवयवांचें एक कडवें नऊ आवर्तनांत पाठ होई. तेवढेच निरर्थक शब्दखंड पाठ करण्यास सत्तर-ऐंशी आवर्तनें लागतील असा त्याचा अंदाज होता. अर्थ, यमक आणि लय ह्यांनीं मिळून नऊ-दशांश ओझें उचललें. न समजलेला धडा पाठ करावयास लावणें म्हणजे मुलाच्या डोक्यावर दसपट भार देणें होय.

आतां रात्रीं अकरापर्यंत पुस्तक वाचणाऱ्या मुलाकडे पुन्हां वळावें. त्यानें चार वेळां वाचलें, मग चुकलें कोठें? ह्याचें उत्तर सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विश्वविद्यालयांतील रोडिगर व कार्पिकी ह्या दोन संशोधकांनीं २००६ सालीं दिलें. विद्यार्थ्यांच्या एका गटानें एक उतारा चार बैठकींत पुनः पुनः वाचला. दुसऱ्या गटानें तो पहिल्या बैठकींत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकींत, उतारा समोर न ठेवतां, आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणाऱ्यांना शेंकडा ८३ आणि लिहिणाऱ्यांना ७१ भाग आठवला. वाचणारे जिंकले. एका आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांकडे ४० उरला होता, लिहिणाऱ्यांकडे ६१. ह्याहून बोधक गोष्ट ही कीं, आपणांस पुढेंहि चांगलें आठवेल असा अधिक भरंवसा पुनः पुनः वाचणाऱ्यांनाच वाटत होता! ओळखीची ओळ डोळ्यांपुढें आली कीं ती येते असा भास होतो. परंतु ओळखणें वेगळें आणि आठवणें वेगळें. रस्त्यांत भेटलेला चेहरा ओळखतां येतो, नांव मात्र ओठांवर येत नाहीं. हा अनुभव कोणास नाहीं? पुस्तक उघडें ठेवून वाचणें म्हणजे ओळखण्याचा अभ्यास, आणि पुस्तक मिटून सांगणें म्हणजे आठवण्याचा. परीक्षेंत पुस्तक मिटलेलेंच असतें.

महाराष्ट्रांत ही गोष्ट अगदींच नवी नाहीं. दिवेलागणीला हातपाय धुऊन, देवापुढें शुभंकरोति झाल्यावर, ओटीवर बसून परवचा म्हणण्याची चाल एके काळीं घरोघर होती. पाढे तर होतेच. त्यांपुढें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी. परवच्याच्या वेळीं हातांत पुस्तक नसे, रोजची संध्याकाळ ठरलेली असे, आणि सारें आंतून बाहेर काढावें लागे. नव्या संशोधनानें जें सिद्ध केलें तें त्या ओटीवर रोज घडत होतें. ह्या पद्धतीचे दोषहि होते, ते झांकण्यांत अर्थ नाहीं. औटकी म्हणणाऱ्या मुलास साडेतीन म्हणजे काय हें पुष्कळदां ठाऊक नसे, आणि सर्वांच्या सुरांत नुसते ओठ हालवून निभावून नेणारे बहाद्दर प्रत्येक ओटीवर असत. सुधारणेच्या भरांत दोष गेले हें बरें झालें. परंतु अर्थ समजून घेतलेली गोष्ट रोज मिटल्या पुस्तकानें म्हणावी, हा गुणहि त्यांच्याबरोबर गेला.

ह्याहून कडक शिस्त वेदपाठशाळेंत दिसते. गुरूनें चरण म्हणावा आणि शिष्यांनीं तो ऐकून परत म्हणावा, ही संथा. संहिता आणि पदें झालीं म्हणजे क्रम. क, ख, ग अशीं तीन पदें घेतलीं तर क्रमांत 'कख, खग' असे जोड येतात. जटेंत 'कख, खक, कख' असें मागें-पुढें जावें लागतें. घनांत 'कख, खक, कखग, गखक, कखग' अशी वीण होते. पुढल्या पदापासून लगेच तीच वीण पुन्हां सुरू. एक पद दुसऱ्याच्या जागीं सरकलें तर सर्व रचना मोडते आणि चूक तेथल्या तेथें कानाला खटकते. ऋग्वेदाचीं एक हजार अठ्ठावीस सूक्तें कागदाच्या आधाराशिवाय शतकानुशतकें टिकलीं तीं ह्या व्यवस्थेनें, आणि युनेस्कोनें २००३ सालीं वेदपठणाच्या परंपरेस मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून मान्यता दिली. तथापि अर्थ न जाणतां वेद वाहणाऱ्यास भार वाहणाऱ्या खांबाची उपमा निरुक्तांत आलेली आहे, हेंहि ध्यानांत असावें. पाठांतराच्या टीकाकारांस आपण आधुनिक आहों असें वाटतें. त्यांचा पूर्वज यास्काइतका जुना आहे.

ज्या गोष्टींत स्वतःचा अर्थ किंवा क्रम नसतो त्यांच्यासाठीं बाहेरून क्रम उसना घ्यावा लागतो. 'यमाताराजभानसलगं' हें दहा अक्षरांचें सूत्र वृत्तें शिकणाऱ्या प्रत्येक मुलानें म्हटलेलें असतें. कोणत्याहि अक्षरापासून तीन अक्षरें मोजावीं, लघु-गुरु पहावे, कीं तो गण मिळतो. आठ गण एका श्वासांत मावले. ग्रीक वक्ते ह्याच कामासाठीं ओळखीच्या वास्तूचा उपयोग करीत. ह्या युक्तीचें जनकत्व सिमोनिडीस ह्या कवीकडे दिलें जातें. मेजवानीचें छत कोसळून ओळख पटूं नये इतके पाहुणे चिरडले असतां, कोण कोठें बसला होता ह्या आठवणीवरून त्यानें प्रेतें ओळखून दिलीं, अशी कथा आहे. युक्ति ही कीं, ओळखीच्या जागा ओळीनें मनांत आणाव्या आणि लक्षांत ठेवावयाची एकेक वस्तु एकेका जागीं ठेवून द्यावी.

त्यासाठीं ग्रीक वाडा शोधण्याची गरज नाहीं. आळंदीहून निघणाऱ्या पालखीच्या वाटेवरून जो चालला आहे त्याच्या पायांना पुणें, सासवड, जेजुरी, वाल्हें, लोणंद, तरडगांव, फलटण, बरड, नातेपुतें, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगांव, वाखरी आणि पंढरपूर हा क्रम चुकतां येत नाहीं. चौदा जागा आयत्याच मांडून ठेवलेल्या आहेत. समजा, एखाद्या वक्त्यास दुष्काळावर कागदाशिवाय बोलावयाचें आहे. पुण्याच्या पुलावर त्यानें कोरडे ढग बसवावे, म्हणजे पावसाचा मुद्दा झाला. सासवडला विहिरीच्या तळाशीं आपटणारी बादली ऐकावी. जेजुरीच्या पायऱ्यांवर भंडाऱ्याऐवजीं कडबा उधळलेला पहावा. चाऱ्याचा प्रश्न पुन्हां विसरणें कठीण. वाल्ह्यास वाल्मीकीच्या हातीं पोथीऐवजीं सावकाराची वही द्यावी. लोणंदच्या स्टेशनांत पाण्याची आगगाडी उभी करावी. चित्र जितकें चमत्कारिक तितकें तें घट्ट बसतें, आणि तें ज्याचें त्यानेंच काढलेलें असावें. दुसऱ्यानें पुरवलेलीं चित्रें उसन्या कपड्यांप्रमाणें सैल होतात. मात्र ह्या युक्तीची मर्यादाहि ओळखावी. क्रम, याद्या, सनावळ्या आणि भाषणाचे मुद्दे ह्यांना ती सोन्यासारखी आहे. भूमितीचा सिद्धान्त समजला नसेल तर तो जेजुरीच्या पायरीवर ठेवून समजणार नाहीं.

ज्यास विसरणें म्हणतात त्यांतील पुष्कळ भाग विसरण्याचा नसतोच. चष्मा कोठें ठेवला हें आठवत नाहीं, कारण ठेवतांना मन दुसरीकडे होतें. जें आंत गेलेंच नाहीं तें बाहेर कोठून येणार? "चष्मा रेडिओवर ठेवला" असें मोठ्यानें म्हटलें तरी पुष्कळ काम होतें. नव्या माणसाचें नांव ऐकतांच एकदां उच्चारावें, आणि निरोप घेतांना पुन्हां उच्चारावें. झोप तोडून केलेला अभ्यास हीहि मोठी फसवणूक आहे. पाठ केल्यावर झोपलेल्यांना, तेवढाच वेळ जागे राहिलेल्यांपेक्षां, अधिक आठवतें असें जेन्किन्स आणि डालेनबाख ह्यांनीं १९२४ सालींच दाखविलें होतें. वृद्धांच्या बाबतींत मात्र एक भेद जपावा. नांव अडणें, चष्मा हरवणें हें वयाचें साधें देणें आहे. परंतु रोजच्या वाटेनें घरीं परततां न येणें, तोच प्रश्न तासांत पांच वेळां विचारणें, पैशांचा नेहमींचा हिशोब न लागणें, असें दिसूं लागलें तर पाठांतराच्या युक्त्या सुचवीत बसूं नये. त्यांस डॉक्टरांकडे न्यावें, आणि लवकर न्यावें.

राहिला तो बारा वर्षांचा मुलगा. त्याच्यासाठीं करावयाचें तें फारसें अवघड नाहीं. धडा आधीं समजून एकदां वाचावा. लगेच पुस्तक मिटून आठवेल तेवढें कोऱ्या कागदावर उतरावें, मग पुस्तक उघडून जें राहिलें तेवढेंच पहावें. दुसऱ्या दिवशीं एकदां, तीनचार दिवसांनीं एकदां, आठवड्यानें आणि महिन्यानें एकदां, असें मिटल्या पुस्तकाचें आवर्तन ठेवावें. पहिल्या दोन-तीन वेळां फार थोडें आठवेल आणि ही पद्धत वाचनापेक्षां वाईट वाटेल. येथेंच बहुतेक जण ती सोडतात.

प्रश्न विचारण्यास वडील बसले तर पुस्तक त्यांच्या हातीं असावें. मुलगा अडखळला कीं उत्तर पुरवण्याची घाई मोठ्या माणसांस अनावर होते, ती आवरावी. दहा-पंधरा सेकंद कोणी बोललें नाहीं तरी बोलूं नये, कारण त्या वेळांत मुलगा शोधीत असतो, आणि शोधणें हाच अभ्यास आहे. तरीहि सांपडलें नाहीं तर पुस्तक त्याला द्यावें. ती ओळ त्यानें स्वतः काढावी, वाचावी, पुस्तक मिटावें आणि परत वडिलांच्या हातीं द्यावें. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं, जेवतांना, त्याच्या ध्यानींमनीं नसतां पुन्हां विचारावा.